कोल्हापूर (उजळाईवाडी) ते मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू : हवाई अंतर किती आणि खरा वेळ किती?

रंकाळा_चौपाटी · सकाळी ९:१०

कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर वेगवेगळ्या साइटवर ३०५, ३०८, ३१५, ३२५ असं काहीही दाखवतात. उड्डाणाचा वेळ कुठं २३ मिनिटं, कुठं ५३ मिनिटं. तिकिटावर मात्र तासाच्या आसपास असतो. विमान ताशी ८०० किमीनं जातं म्हणतात, मग तीनशे किलोमीटरला तास कशाला लागतो? हैदराबाद आणि बेंगळुरूचंही तसंच. आणि मुंबईत पुढचं विमान पकडायचं असेल तर यातला कुठला आकडा धरून चालायचं? ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी सविस्तर लिहा. पुष्कळ जणांच्या उपयोगाचं आहे.

---

नकाशा_पट्टी · सकाळी ९:४८

अंतरापुरतं आधी मिटवून टाकू, कारण ते नक्की काढता येतं.

उजळाईवाडी विमानतळ अंदाजे १६.६६५ उत्तर, ७४.२८९ पूर्व. मुंबईचा विमानतळ १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व. अक्षांशातला फरक २.४२४ अंश, रेखांशातला १.४२१ अंश.

आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किमी. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११.३ किमी असतो आणि उत्तरेकडे जाल तसा आखडत जातो. दोन्ही ठिकाणांचा सरासरी अक्षांश १७.९, त्याची कोसाइन ०.९५२. म्हणून:

उत्तर–दक्षिण : २.४२४ × ११०.७ = २६८ किमी
पूर्व–पश्चिम : १.४२१ × १११.३ × ०.९५२ = १५१ किमी

दोन्हींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ : ३०८ किमी. हा आकडा बरोबर. हजार किलोमीटरच्या आतल्या अंतराला एवढं गणित पुरतं. पृथ्वीची गोलाई धरून हॅव्हरसाइन सूत्रानं काढलं तरी किलोमीटरभराचाच फरक पडतो.

याच पद्धतीनं कोल्हापूरहून बाकीची अंतरं, किलोमीटरमध्ये आणि कंसात नॉटिकल मैलांत:

हैदराबाद, शमशाबाद : ४४५ (२४०)
बेंगळुरू, देवनहळ्ळी : ५३१ (२८७)
तिरुपती : ६५७ (३५५)
नागपूर : ७०१ (३७९)
अहमदाबाद : ७३० (३९४)
मुंबई : ३०८ (१६६)

कंसातला आकडा मुद्दाम दिलाय. विमानाचा वेग नॉटमध्ये सांगतात, म्हणजे तासाला नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, आणि नेहमीचा मैल १.६०९ किमीचा. काही साइट ३०८ किमीचे १९१ मैल दाखवतात. ते नेहमीचे मैल. त्याला नॉटनं भागलं की वेळ चुकलाच.

आता साइटवरचे आकडे वेगळे का येतात. बहुतेक ठिकाणी विमानतळ न धरता शहराचा मध्य धरतात. मुंबईचा मध्य म्हणून कुणी फोर्ट धरतो, कुणी दादर. हैदराबादला बेगमपेटचा जुना विमानतळ धरला तर ४५३ येतात. बेंगळुरूला जुना एचएएल धरला तर ५४९. ही दोन्ही शहरं २००८ साली नव्या विमानतळांवर गेली, पण जुन्या याद्यांत अजून तेच बिंदू पडून आहेत.

सगळ्यात वाईट घोटाळा कोडचा होतो. आपल्या रेल्वे स्टेशनचा कोड केओपी, म्हणून लोक अंतर काढायच्या पानावरही केओपी टाकतात. विमानतळांच्या यादीत केओपी म्हणजे थायलंडमधलं नाखोन फनोम. मुंबईपासून तेहतीसशे किलोमीटरच्या पुढं! कोल्हापूर विमानतळाचा कोड केएलएच आहे, तोच टाकायचा.

---

धावपट्टी_२५ · सकाळी ११:०५

नकाशा_पट्टींनी अंतर चोख मांडलंय. वेळेचं मी लिहितो, जरा लांबेल.

वेळा तीन प्रकारच्या असतात. त्या एकमेकींत मिसळल्या की सगळा गोंधळ होतो.

पहिली, कागदावरची. अंतर भागिले वेग. ३०८ भागिले ८०० म्हणजे २३ मिनिटं. असं कुठलंच विमान उडत नाही.

दुसरी, हवेतली. चाकं धावपट्टीवरून उचलली तिथून चाकं परत टेकेपर्यंत.

तिसरी, ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकांपुढची अडण, म्हणजे चोक, काढली आणि विमान जागचं हललं तिथून, मुंबईत उभं राहून पुन्हा चोक लावेपर्यंत. तिकिटावर सुटायची आणि पोचायची म्हणून जी वेळ असते ती हीच. तिकिटावर ७:०० असेल तर सातला विमान हलायला लागेल. उडेल सात-पाच किंवा सात-दहाला.

५३ मिनिटं दाखवणाऱ्या साइटी काय करतात, तर २३ मध्ये सरसकट ३० मिनिटं मिळवतात. मुंबईच्या बाबतीत ते योगायोगानं जवळ बसतं, तिरुपतीला सपशेल चुकतं.

आता ८०० चा वेग. तो जेट विमानाचा, तोही ३५ हजार फुटांवर स्थिर झाल्यानंतरचा. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान. त्याचा वर स्थिर झाल्यावरचा जास्तीत जास्त, म्हणजे क्रूझचा वेग २७५ नॉट, ताशी ५१० किमी. ते १६ ते २० हजार फुटांवरून जातं, २५ हजारांच्या वर जातच नाही. एम्ब्रेअर १७५ जेट असल्यामुळं ४३०–४५० नॉटनं जाऊ शकतं, पण मुंबईच्या १६६ नॉटिकल मैलांत त्याला तो वेग धरायला जागाच मिळत नाही. १० हजार फुटांच्या खाली वेगाची मर्यादा २५० नॉट. उतरताना साधारण हिशोब असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल लागतात. २४ हजार फुटांवर असाल तर ७० नॉटिकल मैल आधीच उतरायला लागायचं. चढायला तितकेच धरले तर १६६ मधले मधे उरतात पंचवीस-तीस. त्यामुळं मुंबईपुरता जेट आणि पंख्याच्या विमानात दहाएक मिनिटांचाच फरक पडतो. अहमदाबाद, नागपूरला मात्र जेटचा फायदा अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या बिंदूंवरून जातं. मुंबईचं उदाहरण घ्या. कोल्हापूरहून मुंबईची सरळ दिशा ३३१ अंश, म्हणजे वायव्येच्या थोडी उत्तरेला. मुंबईत बहुतेक वेळ विमानं २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरतात, म्हणजे पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडं तोंड करून, घाटकोपर–कुर्ल्यावरून. आपण येतो आग्नेयेकडून. मग विमानाला शहराच्या पूर्वेला नेऊन, रांगेत बसवून, डावीकडं वळवून धावपट्टीच्या रेषेत आणतात. यातच ३० ते ५० किमी वाढतात. ३०८ चे साडेतीनशे होतात ते असे.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते. त्या एका धावपट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला ४५ च्या आसपास विमानं उतरतात आणि उडतात. तुमच्यापुढं चार विमानं असली की एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, वरच लांबट गोल फेऱ्या मारत थांबवून ठेवणार. त्याला होल्डिंग म्हणतात. १४ हजार फुटांपर्यंत त्याच्या सरळ बाजू एकेका मिनिटाच्या, वळणं एकेका मिनिटाची, म्हणजे एक फेरी चार मिनिटांची. तीन फेऱ्या झाल्या की बारा मिनिटं गेली. खाली उतरल्यावर उभं राहायच्या जागेपर्यंत जायला आणखी दहा-पंधरा.

माझा ठोकताळा लिहून ठेवा:

एटीआर : नॉटिकल मैल भागिले ४.५, अधिक १० मिनिटं = हवेतला वेळ
जेट : नॉटिकल मैल भागिले ७, अधिक १२ मिनिटं = हवेतला वेळ
जमिनीवरचे : कोल्हापुरात ५, समोर छोटा विमानतळ असेल तर ५, हैदराबाद–बेंगळुरू–अहमदाबाद १०, मुंबई १० ते १५

मुंबई, एटीआर : १६६ ÷ ४.५ = ३७, अधिक १० = ४७, अधिक १५ ते २० = ६२ ते ६७ मिनिटं.
हैदराबाद, एटीआर : ५३ + १० + १५ = ७८.
बेंगळुरू, एटीआर : ६४ + १० + १५ = ८९.
अहमदाबाद, जेट : ५६ + १२ + १५ = ८३.

यापेक्षा दहा मिनिटं कमी-जास्त दिसली तर काळजीचं कारण नाही. विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात, म्हणून पुष्कळदा विमान 'वेळेआधी' पोचतं.

---

शाहूपुरी_तालीम · सकाळी ११:५२

लई भारी समजावलंत. एक शंका हाय. हैदराबादला जाताना आणि येताना वेळ सारखा नसतो. कधी जाताना कमी, कधी येताना. रस्ता तोच, विमान तेच. मग असं का होतंय? वाऱ्यामुळं का?

---

पावशा_वारा · दुपारी १२:४०

वाऱ्यामुळं होतंच, पण हैदराबादच्या बाबतीत वाऱ्याइतकीच आपली धावपट्टीही कारणीभूत आहे.

आधी वारा. एटीआर पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जातं. पावसाळ्यात आपल्याकडं पश्चिमेचा वारा जोरात असतो तो खाली, दीड ते तीन किलोमीटरवर. पाऊस जोरात असला की तिथं २५ ते ४० नॉटही असतो. पाच-सहा किलोमीटरवर तोच वारा मंदावतो. त्याच्याही वर गेलं की पूर्वेचा वारा सुरू होतो आणि चौदा-सोळा किलोमीटरवर तो सगळ्यात जोरात असतो. एटीआर त्या पूर्वेच्या वाऱ्यापर्यंत पोचत नाही.

हैदराबाद सरळ पूर्वेला, दिशा ८१–८२ अंश. २४० नॉटिकल मैल, वेग २७० नॉट. वारा नसेल तर ५३ मिनिटं. पाठीमागून २० नॉट मिळाला तर २९० नं ५० मिनिटं. समोरून २० आला तर २५० नं ५८. म्हणजे जाण्या-येण्यात वाऱ्यानं आठ मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो. बेंगळुरूला दिशा आग्नेय, तिथं वारा बाजूनं येतो, फरक कमी.

आता धावपट्टी. उजळाईवाडीची धावपट्टी ०७/२५. एका टोकानं धावलं तर तोंड ७० अंशांवर, म्हणजे जवळपास पूर्वेला. दुसऱ्या टोकानं २५० वर, पश्चिम-नैऋत्येला. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, म्हणून २५ वापरतात. हैदराबादला निघालेलं विमान आधी पश्चिमेला उडणार, मग पूर्ण वळसा घालून पूर्वेला येणार. तीन-चार मिनिटं गेली. पण हैदराबादहून येणारं विमान पूर्वेकडूनच येतं, ते २५ वर नाकासमोर सरळ उतरतं. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असेल तर सगळं उलट. ०७ वरून उडालं की थेट हैदराबादच्या वाटेवर. येताना मात्र विमानतळाला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला जावं लागतं, तिथून उलटं फिरून उतरायचं.

म्हणजे पावसाळ्यात जाताना पाठीशी वारा मिळून जे वाचतं ते उडतानाच्या वळशात बरंचसं जातं. आणि येताना समोरच्या वाऱ्यात जे जातं ते सरळ उतरण्यात थोडं भरून निघतं. शाहूपुरी_तालीम, तुम्हाला कधी इकडं तर कधी तिकडं फरक दिसतो तो यामुळं.

---

धावपट्टी_२५ · दुपारी १:१५

पावशा_वारांनी नेमकं पकडलं. यात एक छोटी भर. पूर्वेकडं जाणारी विमानं विषम उंचीवर ठेवतात, १७ हजार, १९ हजार. पश्चिमेकडं येणारी सम, १६ हजार, १८ हजार. समोरासमोर येऊ नयेत म्हणून. त्यामुळं जाताना-येताना मिळणारा वाराही अगदी एकाच उंचीवरचा नसतो.

---

कळंबा_नाका · दुपारी २:३०

मे महिन्यात दुपारच्या विमानाला बॅगा मागं राहणं, माणसं उतरवणं असं होतं. अंतराशी त्याचा संबंध आहे का? आणि मोठी विमानं, एअरबस वगैरे, इथून थेट दिल्लीला का जात नाहीत?

---

धावपट्टी_२५ · दुपारी ३:२०

संबंध आहे. जितकं लांब जायचं तितकं इंधन जास्त, आणि जितकं इंधन जास्त तितकं वजन जास्त.

उजळाईवाडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०९ मीटर, म्हणजे २,००० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ३८ अंश असेल तर फरक २७ अंशांचा. एका अंशाला १२० फूट असा हिशोब, म्हणजे ३,२४० फूट. विमानाच्या दृष्टीनं आपण २,००० फुटांवर नसून ५,२०० फुटांवर उभे आहोत. हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, धावपट्टी जास्त लागते.

आणि धावपट्टी आहे १,९३० मीटर. पूर्वी १,३७० होती, वाढवून एवढी झाली. ती आणखी, २,३०० मीटरपर्यंत, नेण्याची योजना आहे. एटीआरला समुद्रसपाटीवर, थंड हवेत, पूर्ण वजनाला सुमारे १,३०० मीटर लागतात. मे महिन्यातल्या दुपारी तो आकडा खूप वर जातो. धावपट्टी ओली असेल, समोर वारा नसेल, तर वजन कमी करावंच लागतं. इंधन कमी करता येत नाही. पोचायला लागेल ते, पोचल्यावर उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर तीस मिनिटं हवेत राहता येईल एवढं राखीव, हे नियमानं भरावंच लागतं. मग उरतात बॅगा आणि माणसं. म्हणून उन्हाळ्यात सामान जास्त असेल तर सकाळचं विमान घ्या.

दिल्ली साडेतेराशे किमी आहे. तेवढं इंधन आणि दीडशे-पावणेदोनशे माणसं घेऊन एअरबस ३२० ला उन्हाळ्यात १,९३० मीटरवरून उडवायचं तर इतक्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात की कंपनीला परवडत नाही. धावपट्टी वाढवण्याचा आग्रह आपण धरतो तो यासाठी. नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, छान आहे, पण विमान किती लांब जाईल हे इमारतीवर ठरत नाही.

---

गडहिंग्लज_वळण · दुपारी ४:०५

पर्यायी विमानतळांबद्दलही लिहायला हवं. आमच्या बाजूच्या लोकांना ते जास्त लागतं.

कोल्हापूर विमानतळापासून सरळ रेषेत बेळगावचं सांबरा ९६ किमी, गोव्याचं मोपा ११३ किमी, पुण्याचं लोहगाव २१७ किमी. पण गाडी सरळ रेषेत जात नाही. बेळगाव राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे, रस्ता बराचसा सरळ, दोन-सव्वादोन तासांत पोचता. मोपा नकाशावर जवळ दिसतं, पण आजरा–आंबोली–सावंतवाडी–बांदा असं घाट उतरून जावं लागतं. अंतर दीडशेच्या पुढं जातं. पावसाळ्यात आंबोलीत धुकं आणि गर्दी असेल तर चार तास धरा. अंतर मोजताना घाट लक्षात घ्या.

गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याच्या लोकांना उजळाईवाडीपेक्षा सांबरा सोयीचं पडू शकतं. वेळापत्रक दोन्हींचं बघूनच ठरवा.

कोल्हापूरला उतरता आलं नाही तर विमान कुठं नेतील, याचं उत्तरही साधारण याच अंतरांत आहे. बेळगाव सगळ्यात जवळ. पण तिथंही हवा तशीच खराब असेल तर मागं, जिथून आलं तिथं. पंचगंगेच्या काठानं, उसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात पहाटे धुकं बसतं, ते सूर्य वर आला की उठतं. सकाळी सातचं विमान नऊला उतरलं तर बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

---

रंकाळा_चौपाटी · दुपारी ४:४०

अंतराचं आणि वेळेचं डोक्यात नीट बसलं. आता रेल्वे आणि रस्त्याशी तुलना कुणी करून देईल का? आणि मुंबईतून पुढं दुबईला जायचं असेल तर मधे किती वेळ ठेवावा?

---

नकाशा_पट्टी · सायंकाळी ५:१२

कोल्हापूर ते मुंबई : हवेतून ३०८ किमी, रस्त्यानं साधारण ३७५, रेल्वेनं ५१८. रेल्वे आधी पूर्वेला मिरजेला जाते, मग सांगली, सातारा, पुणे करून. म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसला रात्रभर लागते.

विमानाचे ६५ मिनिटं म्हणजे घरातून घरापर्यंतचे ६५ नव्हेत. भवानी मंडपातून उजळाईवाडी नऊएक किलोमीटर, अर्धा तास धरा. विमानतळावर दीड तास आधी. ब्लॉक टाइम एक तास पाच. उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास. मुंबईत घरी जायला पाऊण तास ते दीड तास. एकूण साडेचार ते पाच तास. रस्त्यानं सात ते आठ. म्हणजे वाचतात तीन तास, आणि तेवढे वाचणंही मोठी गोष्ट आहे. पण अंधेरीला जायचंय की पनवेलला, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पनवेलला जाणाऱ्यानं सांताक्रूझला उतरून परत मागं येण्यापेक्षा गाडीनं गेलेलं बरं.

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. ते कोल्हापूरच्या बाजूला पडतं, सरळ रेषेत जवळपास २९० किमी. तिकीट काढताना मुंबईचा कुठला विमानतळ लिहिलाय ते नीट बघा. दोन्हींमध्ये गाडीनं जायला गर्दीत दीड तासही लागू शकतो.

---

कागल_चेकपोस्ट · सायंकाळी ६:२५

दुबईचं मी सांगतो.

पहिला प्रश्न : दोन्ही प्रवास एका तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर आहेत की वेगवेगळ्या? एकाच असतील तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय लावणं कंपनीची जबाबदारी. वेगवेगळी असतील तर पुढचं विमान चुकल्याचा खर्च तुमचा. कोल्हापूरहून बहुतेक लोक स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी काढतात, आणि अडकतात ते इथंच.

वेगवेगळ्या तिकिटांचा हिशोब असा करा. कोल्हापूरच्या विमानाची पोचायची वेळ घ्या, सुटायची नव्हे. त्यात:

बॅग मिळून बाहेर : ३० मिनिटं
टर्मिनल बदलायचं असेल तर, टी१ वरून टी२ : ३० ते ४५ मिनिटं
आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर बंद होतो तो उड्डाणाच्या ६० ते ७५ मिनिटं आधी
काउंटरवरची रांग : ३० ते ४५ मिनिटं
कोल्हापूरचं विमान उशिरा येण्यासाठी : किमान ९० मिनिटं

बेरीज साडेचार तासांच्या आसपास जाते. त्याखाली जाऊ नका. पावसाळ्यात जायचं असेल आणि व्हिसा किंवा नोकरीची तारीख अडकलेली असेल तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. दिवसातलं शेवटचं कोल्हापूर–मुंबई विमान कधीच धरू नका, कारण एकच विमान दिवसभर तीन-चार गावं फिरून येतं आणि सकाळचा अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत दीड तासाचा होतो. शिवाय काही मार्गांवर रोज विमान नसतं. रद्द झालं तर पुढचं उद्या नसून परवाही असू शकतं, मग रात्रभर गाडी हाकणं आलं.

एकाच तिकिटावर, देशातल्या देशात आणि टर्मिनल तेच असेल तर दीड तास पुरतो. देशांतर्गत काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि बोर्डिंगचं दार २५ मिनिटं आधी. हे दोन आकडे तिकिटावर असतात, वाचून घ्या.

दुबईची वेळ वाचताना घड्याळ सांभाळा. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून १०:०० ला सुटून दुबईत ११:४५ ला पोचणार असं लिहिलेलं असलं तर प्रवास पावणेदोन तासांचा नसून सव्वातीन तासांचा. परतताना तीन तासांच्या आत येतं, पण तिकिटावर साडेचार तासांच्या जवळ दिसतं. जाताना जास्त लागतो, कारण हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा समोरून असतो. पावसाळ्यात हा फरक कमी होतो.

---

शाहूपुरी_तालीम · सायंकाळी ७:०३

विमान रद्द झालं किंवा लई उशीर झाला तर काय मिळतं? त्यातही अंतराचा काय हिशोब हाय का?

---

कागल_चेकपोस्ट · सायंकाळी ७:४०

आहे, पण अंतराचा नाही, वर सांगितलेल्या ब्लॉक टाइमचा.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या नियमाप्रमाणं अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. कोल्हापूरहून सुटणारी सगळी विमानं या अडीच तासांच्या आतली. त्यामुळं दोन तास झाले की काउंटरवर जाऊन मागा, त्यात संकोच करायचं काही कारण नाही. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं.

आधी न कळवता रद्द केलं तर भरपाई : ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. आता बघा, कोल्हापूर–मुंबई वेळापत्रकात ६० मिनिटं दाखवलं तर पहिल्या गटात, ६५ दाखवलं तर दुसऱ्या गटात. म्हणून तिकिटावरची सुटायची आणि पोचायची वेळ, दोन्हींचा फोटो काढून ठेवा.

खराब हवामान, एटीसीची अडचण अशा कारणांनी रद्द झालं तर ही भरपाई मिळत नाही, पैसे परत किंवा दुसरं विमान मात्र मिळतं. म्हणून कारण काय ते लेखी मागा. मेसेज आला तर तो पुसू नका.

भाड्याचा मात्र अंतराशी संबंध आहे. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्राची उडान योजना २०१६ साली जाहीर झाली तेव्हा साधारण ५०० किमीच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा सांगितली होती, आणि अंतर बदलेल तशी मर्यादा बदलते. योजनेतल्या मार्गावर त्या ठरावीक जागा लवकर जातात. उरलेल्या जागांना मर्यादा नाही. एकाच विमानात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांच्या भाड्यात दुपटीचा फरक असतो तो यामुळंही.

---

पावशा_वारा · रात्री ८:३०

मुंबईबद्दल एक राहिलं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुरुस्तीसाठी तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एखादा दिवस काही तास बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. त्या दिवसाच्या आसपास पुढचं विमान जोडायचं असेल तर कागल_चेकपोस्ट यांच्या साडेचार तासांत आणखी दोन मिळवा.

आणि विमान आत्ता कुठं आहे हे बघायचं असेल तर आपल्या विमानाचा नंबर टाकून थांबू नका. तेच विमान त्याआधी कुठून येतंय ते शोधा. हैदराबादहून येणारं विमान कोल्हापूरहून पुढं जाणार असेल आणि ते अजून हैदराबादलाच उभं असेल, तर वरच्या हिशोबानं त्याला इथं यायलाच ७८ मिनिटं लागणार, उतरून माणसं चढवायला आणखी २५–३०. म्हणजे कंपनीचा मेसेज यायच्या आधी किमान पावणेदोन तासांचं गणित तुमच्या हातात असतं.

---

रंकाळा_चौपाटी · रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. नकाशा_पट्टी, जमलं तर तिरुपती आणि नागपूरचाही ब्लॉक टाइम त्याच ठोकताळ्यानं टाका, म्हणजे सगळे आकडे एका ठिकाणी येतील.

---

नकाशा_पट्टी · रात्री ९:२०

तिरुपती, एटीआर : ३५५ ÷ ४.५ = ७९, अधिक १०, अधिक १० = ९९ मिनिटं.
नागपूर, जेट : ३७९ ÷ ७ = ५४, अधिक १२, अधिक १० = ७६ मिनिटं. तेच एटीआरनं गेलं तर १०४.